नॉलेज मॅनेजमेंट आणि स्ट्रॅटेजिक प्लॅनिंगच्या कामात जायचं आहे. तयारी कशी करावी?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका प्रॉडक्ट कंपनीच्या इंजिनिअरिंग केंद्रात (साधारण ४०० इंजिनिअर, तीन प्रॉडक्ट, मुख्यालय परदेशात) एक नवी जागा तयार होते आहे. निम्मं काम तंत्रज्ञानाच्या वार्षिक आणि तिमाही नियोजनाचं, निम्मं नॉलेज मॅनेजमेंटचं (कंपनीतलं ज्ञान लिहून, सापडेल असं ठेवण्याचं). रिपोर्टिंग थेट सीटीओच्या (मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याच्या) ऑफिसला. माझी ११ वर्षं बॅकएंड डेव्हलपर आणि मग इंजिनिअरिंग मॅनेजर अशी गेली आहेत. जागा घ्यावी असं वाटतं आहे, पण काही गोष्टी नीट कळत नाहीत.

पहिल्या ९० दिवसांत नेमकं काय हातात घ्यावं? विकीवर (कंपनीच्या अंतर्गत माहितीच्या साइटवर) सहा-सात हजार पानं पडून आहेत, ती साफ करत बसायचं का? लोक नोकरी सोडून जाताना ज्ञान जातं, त्यावर ‘केटी’ (नॉलेज ट्रान्स्फर, जाणाऱ्याने दुसऱ्याला काम समजावून देणं) सोडून दुसरा काही उपाय आहे का? एखादा कोर्स किंवा प्रमाणपत्र खरंच कामी येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या कामाचा उपयोग आकड्यांत कसा दाखवायचा? बजेट कापायची वेळ आली की अशा जागा आधी जातात, ही भीती आहेच. एआय असिस्टंट आल्यावर हे काम उरेल का, यावरही जाणकारांनी लिहावं.

टाचणवही

कोथरूडकर, होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या, नंतर त्या मिळत नाहीत.

पहिली, जुनी पानं वापरातून काढायचा अधिकार. तो नसला की प्रत्येक पानासाठी कुणाची तरी परवानगी मागत फिरावं लागतं आणि विकी फुगतच राहते. दुसरी, तिमाही नियोजनाच्या बैठकीत बोलणाऱ्याची जागा. नुसते मिनिट्स लिहायला बसवलं तर नियोजनाचा निम्मा भाग केवळ कागदावर राहतो. तिसरी, पानं लिहायला प्रत्येक टीममधून एक माणूस, आठवड्याला दोन तास. तुमच्याकडे ४५ टीम धरल्या तर हे आठवड्याला ९० तास होतात, म्हणजे सव्वादोन माणसांचं काम. हा आकडा सीटीओसमोर आधीच ठेवा. ‘सगळ्यांनी जमेल तसं लिहायचं’ असं ठरलं की कुणीच लिहीत नाही, कारण स्प्रिंटमध्ये (टीमच्या दर काही आठवड्यांच्या ठरलेल्या कामांत) त्या कामाला जागाच नसते.

आता पहिले ९० दिवस. पानं साफ करायला बसू नका आणि नवं टूल तर अजिबात घेऊ नका. आधी प्रश्न गोळा करा. मदतीच्या चॅट चॅनलमधले गेल्या तीन महिन्यांतले ३०० प्रश्न घ्या आणि एका शीटमध्ये पाच रकाने करून हाताने भरा: प्रश्न (विचारणाऱ्याच्याच शब्दांत), कुठल्या टीमचा, उत्तर कोणी दिलं, किती वेळाने दिलं, आणि ते उत्तर आधी कुठे लिहिलेलं होतं का. काम आठ-दहा दिवसांचं आहे, कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्याला देऊ नका. कंपनीत कुठे काय अडतं ते या शीटमधून जितकं कळतं तितकं कुठल्याही सर्व्हेमधून कळत नाही.

शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. त्यातून तीन ढीग पडतात. लिहिलेलं होतं पण सापडलं नाही. सापडलं पण चुकीचं किंवा जुनं होतं. मुळात लिहिलेलंच नव्हतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला शीर्षक आणि सर्च सुधारावा लागतो, दुसऱ्याला ओनर (पानाची जबाबदारी घेणारा) लागतो, तिसऱ्यालाच फक्त नवं लेखन लागतं. बहुतेक ठिकाणी तिन्ही ढिगांवर ‘डॉक्युमेंटेशन ड्राइव्ह’ हा एकच उपाय होतो, आणि मग ज्या पानांचं फक्त नाव बदलायला हवं होतं त्यांच्या शेजारी आणखी तीन पानं उभी राहतात.

एक उदाहरण घ्या. पानाचं नाव आहे ‘पेमेंट सर्व्हिस डॉक्युमेंट व्ही २ फायनल’. आत १४ पानी मजकूर, आर्किटेक्चरची आकृती, आणि नवव्या पानावर मधोमध सेटलमेंट फाइल उशिरा आली तर जॉब पुन्हा कसा चालवायचा त्याच्या चार ओळी. रात्री दोन वाजता ऑनकॉलवर (बिघाड झाला तर बघायच्या पाळीवर) बसलेला मुलगा सर्चमध्ये ‘सेटलमेंट फाइल आली नाही’ असं टाइप करतो. त्याला हे पान दिसतच नाही, आणि दिसलं तरी तो उघडत नाही. त्या चार ओळींचं वेगळं पान करा. नाव द्या: ‘सेटलमेंट फाइल वेळेत आली नाही तर काय करायचं’. आत चारच भाग. लक्षण: कुठला अलर्ट वाजतो, लॉगमध्ये नेमकी कुठली ओळ दिसते (ती ओळ जशीच्या तशी चिकटवा, लोक तीच सर्चमध्ये टाकतात). परिस्थिती: कुठलं व्हर्जन, कुठला रीजन. उपाय: क्रमाने कमांड, आणि प्रत्येक कमांडनंतर काय दिसायला हवं ते. कारण: असं का होतं. उपाय आधी आणि कारण नंतर, कारण रात्री दोनला कारण वाचायला वेळ नसतो.

ही रचना नॉलेज-सेंटर्ड सर्व्हिस, म्हणजे केसीएस, या पद्धतीतली आहे. सपोर्ट टीमसाठी १९९२ पासून ती विकसित होत आली. तिचं मुख्य सूत्र असं की प्रश्न सोडवतानाच लिहायचं, नंतर नाही. आधी शोधायचं, सापडलं तर वापरायचं, वापरताना चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, सापडलंच नाही तर दोन ओळींचं कच्चं पान टाकायचं. दुसऱ्यांदा कुणाला ते लागलं की ते पक्कं होतं. जे पुन्हा कुणालाच लागलं नाही त्यावर श्रम जात नाहीत. केसीएस नीट शिकून घ्या, तुमचं निम्मं काम त्यातच आहे.

बाकीच्या प्रश्नांवर इतरांनी लिहावं. मोजमापावर मी नंतर येते.

सूचिकार

टाचणवहींनी शीर्षकाबद्दल लिहिलं, मी वर्गीकरणाबद्दल लिहितो, कारण सॉफ्टवेअरमधून येणारी माणसं नेमकं हेच सोडून देतात.

विकीवर फोल्डर टीमनुसार किंवा खात्यानुसार करू नका. कंपनीची दर दीड-दोन वर्षांनी पुनर्रचना होते, टीमची नावं बदलतात आणि फोल्डर अनाथ होतात. त्याऐवजी पैलूंनी वर्गीकरण करा. ही कल्पना आपल्याकडचीच आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली पुस्तकांसाठी कोलन वर्गीकरण मांडलं. पुस्तकाला एकाच खणात न कोंबता त्याचे व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थळ, काळ असे पैलू पाडायचे आणि त्यांच्या जोडणीतून त्याची जागा ठरवायची. आज कुठल्याही खरेदीच्या साइटवर डाव्या बाजूला रंग, आकार, किंमत असे फिल्टर दिसतात, त्यामागे हाच विचार आहे.

तुमच्यासाठी चार पैलू पुरे: प्रॉडक्ट, कामाचा प्रकार (रनबुक म्हणजे अडचण आली तर करायच्या पायऱ्यांचं पान, डिझाइन, निर्णय, ऑनबोर्डिंग, ग्राहकाला द्यायचं उत्तर), सिस्टीमचा भाग आणि पानाची स्थिती. प्रत्येक पैलूत ८ ते १५ पर्याय. त्याहून जास्त झाले की माणसं पहिला दिसेल तो पर्याय निवडून मोकळी होतात. यादी बंद ठेवा, म्हणजे नवा टॅग हवा असेल तर तो तुमच्याकडून जायला हवा. टॅग मोकळे सोडले की वर्षभरात ‘डिप्लॉय’, ‘डिप्लॉयमेंट’, ‘डिप्लॉयमेंट्स’ आणि ‘रिलीज’ असे चार टॅग एकाच गोष्टीला लागलेले दिसतात आणि फिल्टर निरुपयोगी होतो.

त्याला जोडून समानार्थी शब्दांची यादी हवीच. फायनान्सवाले ‘सेटलमेंट’ म्हणतात, सपोर्टवाले ‘पेआउट’, मुख्यालयातले ‘रेमिटन्स’. तिघांपैकी कुणीही काहीही शोधलं तरी एकच पान निघायला हवं. ही यादी सर्च लॉगमधून करायची. ज्या शोधांना शून्य निकाल आले ते शब्द दर सोमवारी बघा. सुरुवातीला आठवड्याला १०-१५ शब्द जोडावे लागतील, दोन-तीन महिन्यांनी हे काम अर्ध्या तासावर येतं.

प्रत्येक पानावर दोनच सक्तीच्या गोष्टी ठेवा: ओनर आणि पुन्हा तपासायची तारीख. ओनर म्हणजे भूमिका, माणूस नाही. ‘पेमेंट टीमचा लीड’ असं लिहा, म्हणजे माणूस बदलला तरी पान अनाथ होत नाही. तारीख सरसकट एक वर्ष ठेवू नका. रनबुकला ९० दिवस, डिझाइनच्या पानाला एक वर्ष. निर्णयाच्या नोंदीला तारीखच नको, कारण ती त्या दिवसाची नोंद आहे आणि ती बदलायची नसते.

बक्षिसांबद्दल सावध राहा. इन्फोसिसचं उदाहरण या क्षेत्रात खूप अभ्यासलं गेलं आहे. २००० च्या सुमारास त्यांनी ज्ञान लिहिणाऱ्यांसाठी ‘नॉलेज करन्सी युनिट’ सुरू केली. लेख टाकला, तपासला, वापरला की युनिट जमायची आणि त्यांच्या बदल्यात वस्तू मिळायच्या. लेखांचा पूर आला. तपासणाऱ्यांवर ताण पडला, दर्जा घसरला आणि काय वापरावं ते वाचणाऱ्याला कळेना. मग त्यांना ही बक्षिसांची रचना बदलावी लागली. हे त्यांनी लपवलं नाही, उलट अभ्यासकांना उघडपणे बघू दिलं, म्हणून आज आपल्याला शिकता येतं. याउलट झेरॉक्सची ‘युरेका’ बघा. नव्वदच्या दशकात फ्रान्समधल्या दुरुस्ती-तंत्रज्ञांपासून ती सुरू झाली. मशीन दुरुस्त करताना सापडलेली युक्ती तंत्रज्ञ लिहायचा, दुसरे अनुभवी तंत्रज्ञ ती तपासायचे आणि लिहिणाऱ्याचं नाव तिच्याखाली राहायचं. आपल्या बरोबरीच्या लोकांत मान मिळतो म्हणून माणसं लिहीत राहिली. तुमच्याकडेही पानाखाली नाव दिसू द्या आणि ‘हे पान या महिन्यात ४० जणांना उपयोगी पडलं’ एवढा निरोप लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मॅनेजरला जाऊ द्या. गिफ्ट कार्डापेक्षा हे जास्त टिकतं.

कोर्सबद्दल. नॉलेज मॅनेजमेंटची पाच दिवसांची महागडी प्रमाणपत्रं पुष्कळ आहेत. कंपनी पैसे देत असेल तर करा, स्वतःच्या खिशातून करू नका. आयएसओ ३०४०१ हे नॉलेज मॅनेजमेंट सिस्टीमचं मानक नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं. ते वाचून ठेवा, तपासणीसाठी प्रश्नांची चांगली चौकट मिळते. तुमची कंपनी आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक) ची असेल तर तिच्या २०१५ च्या आवृत्तीतलं ७.१.६ हे कलम बघा, त्यात संस्थेचं ज्ञान सांभाळण्याची अटच आहे. बजेट मागताना या कलमाचा आधार घेता येतो. वर्गीकरण खोलात शिकायचं असेल तर ग्रंथालयशास्त्राकडे जा. बेंगळुरूचं डीआरटीसी (डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर) रंगनाथन यांनीच १९६२ साली उभं केलं आणि ते भारतीय सांख्यिकी संस्थेचा भाग आहे. मुंबईत एसएनडीटीमध्ये आणि पुण्यात विद्यापीठातही या विषयाचे विभाग आहेत. पूर्ण पदवी तुम्हाला नको, पण तिथून शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी टीममध्ये घ्या. दोन डेव्हलपर घेण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

उत्तररात्र

केटीवर लिहितो.

आपल्याकडे नोटीस पिरियड ६० किंवा ९० दिवसांचा असतो आणि केटी होते शेवटच्या दोन आठवड्यांत, तीही दोन-दोन तासांच्या रेकॉर्ड केलेल्या कॉलवर. ती रेकॉर्डिंग नंतर कुणी उघडत नाही. २० तासांच्या व्हिडिओत हवं ते मिनिट शोधता येत नाही, हे साधं कारण आहे. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जाणाऱ्या माणसाला ‘तुला काय माहीत आहे ते सांग’ असं म्हटलं की तो सिस्टीमची आकृती समजावून सांगतो. ती कोडमध्ये दिसतेच. त्याच्याबरोबर जातं ते वेगळंच असतं: अलर्ट वाजल्यावर तो आधी कुठे बघतो, कुठल्या ग्राहकाच्या डेटावर तो कधीच विसंबत नाही, कुठला कॉन्फिग दिसतो निरुपद्रवी पण हात लावला तर महिनाअखेरीचा बिलिंग जॉब पडतो. हे विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, कारण त्याला ते ज्ञान वाटतच नाही, सवय वाटते.

म्हणून प्रसंगावरून विचारा. गेल्या वर्षभरातले पाच अवघड प्रसंग निवडा, तिकिटांच्या यादीतून, त्याच्या आठवणीतून नव्हे. प्रत्येकाला ४५ मिनिटं. आधी वेळेनुसार काय घडलं ते मांडून घ्या, मग प्रत्येक वळणावर थांबवा: त्या क्षणी तुला काय दिसलं? दुसरं काय करता आलं असतं? ते का नाही केलंस? नवा माणूस इथे कुठे चुकला असता? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात चांगली उत्तरं येतात. विचारणारा आणि लिहिणारा वेगळे ठेवा, एकाच माणसाला दोन्ही जमत नाही.

६० दिवसांचं वेळापत्रक साधारण असं. पहिला आठवडा: तो एकटाच करतो अशा कामांची यादी (पासवर्ड, वेंडरचे संपर्क आणि सर्टिफिकेटच्या मुदतीसकट). दुसरा ते चौथा: प्रसंगांच्या मुलाखती, आणि नोंदी दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडून तपासून घेणं. पाचवा आणि सहावा: रिव्हर्स केटी. नवा माणूस काम करतो, जुना शेजारी बसून बघतो आणि हात मागे ठेवतो. सातव्या आठवड्यात ऑनकॉल नव्याकडे, जुना फक्त बॅकअपला. आठव्यात काहीच ठरवू नका, कारण जे सुटलं ते सातव्यात दिसतं आणि ते भरून काढायला हा आठवडा लागतो. एक खबरदारी घ्या. रिव्हर्स केटी नवा माणूस ‘समजलं’ म्हणाला म्हणून संपवू नका. सँडबॉक्समध्ये (सरावाच्या वेगळ्या सिस्टीमवर) मुद्दाम काहीतरी मोडून ठेवा आणि त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या.

खरं तर नोटीस पडल्यावर सुरू करणं हाच उशीर आहे. दर सहा महिन्यांनी एक तक्ता करा: आडवी कामं, उभी माणसं. ज्या कामापुढे एकच नाव आहे तो तुमचा धोका. ही यादी नियोजनाच्या बैठकीत न्यायची. दुसरा माणूस तयार करायला टीमचा वेळ लागतो आणि तो वेळ त्या तिमाहीतून आधीच वजा व्हायला हवा.

घटनेनंतरच्या ‘धड्यां’बद्दलही एक सांगतो. नासासारख्या संस्थेकडे धड्यांचा डेटाबेस होता, तरी अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी यंत्रणेने जानेवारी २००२ च्या अहवालात नोंदवलं की प्रकल्प व्यवस्थापक त्यात नियमित बघत नाहीत आणि त्यात भरही घालत नाहीत. धडा वेगळ्या कपाटात ठेवला की असंच होणार. धड्याचं रूपांतर तपासयादीतल्या ओळीत, अलर्टमध्ये किंवा टेस्टमध्ये झालं तरच तो जिवंत राहतो. प्रत्येक आरसीएच्या (घटनेच्या मूळ कारणाच्या अहवालाच्या) शेवटी ‘हे कुठे घातलं’ असा रकाना ठेवा. ‘टीमला सांगितलं’ हे उत्तर स्वीकारू नका.

कोथरूडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवतो आहे. दोन शंका. उत्तररात्र, सूचिकारांनी म्हटलेली ‘निर्णयाची नोंद’ म्हणजे नेमकं किती लिहायचं? आणि नियोजनाच्या अर्ध्या भागावर कुणी लिहील का? आमच्याकडे दर तिमाहीला यादी ठरते आणि निम्मी पुढच्या तिमाहीत ढकलली जाते.

उत्तररात्र

एक पान, जास्त नाही. काय ठरलं, तेव्हा परिस्थिती काय होती, दुसरे कुठले पर्याय होते आणि ते का सोडले, या निर्णयाचे बरेवाईट परिणाम काय होतील. सॉफ्टवेअरमध्ये एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात ते हेच, २०११ पासून हा साचा रूढ झाला आहे. कोडच्याच रेपॉझिटरीत ठेवा, क्रमांक द्या, जुनी नोंद खोडू नका. निर्णय बदलला तर नवी नोंद लिहा आणि जुन्या नोंदीवर ‘क्रमांक ४२ ने बदलली’ एवढंच टाका. सोडलेले पर्याय लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. ते नसलं की दीड वर्षाने नवा आर्किटेक्ट येतो आणि तीच चर्चा शून्यापासून सुरू होते.

चौथा_मजला

निम्मी यादी पुढे ढकलली जाते, कारण क्षमतेचा हिशेब चुकीचा असतो. माणसं आळशी नसतात. हिशेब करून बघू.

८ जणांची टीम, १३ आठवड्यांची तिमाही, म्हणजे १०४ व्यक्ती-आठवडे. सुट्ट्या आणि रजा १० टक्के धरा, १० गेले. ऑनकॉलवर सतत एक माणूस, १३ गेले. उरले ८१. प्रॉडक्शन सपोर्ट आणि बग यांना २० टक्के, म्हणजे १६. उरले ६५. त्यातही पाचवा हिस्सा अनपेक्षित कामासाठी मोकळा ठेवला तर हातात ५२. अगदी निम्मे. आणि नियोजनाच्या शीटमध्ये बहुतेक ठिकाणी १०४ च लिहिलेले असतात. ऑक्टोबर ते डिसेंबर ही तिमाही वेगळी धरा. दिवाळीत इथली आणि डिसेंबरच्या शेवटी मुख्यालयातली माणसं रजेवर असतात, दोन्ही बाजू एकत्र कामावर असतात असे जेमतेम १० आठवडे मिळतात. वरचे टक्के माझे मानू नका, तुमच्या गेल्या चार तिमाहींतून काढा. इथेच नॉलेज मॅनेजमेंट आणि नियोजन एकत्र येतात, कारण हा डेटा तिकिटांमध्ये पडलेलाच असतो, फक्त नियोजनाच्या वेळी समोर कुणी ठेवत नाही.

वार्षिक नियोजनाला १२ आठवडे आधी सुरुवात करा. मुख्यालयाचं वर्ष जानेवारीचं असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. एप्रिलचं असेल तर जानेवारीच्या पहिल्या. पहिले तीन आठवडे फक्त गृहीतकं गोळा करा. प्रत्येक गृहीतकाला चार गोष्टी हव्यात: विधान, कुणाचं आहे, कशावरून, आणि काय दिसलं तर ते चुकलं असं मानायचं. उदाहरणार्थ, ‘युरोपातले ग्राहक पुढच्या वर्षी जुन्या एपीआयवरून (त्यांच्या सिस्टीम आपल्याशी जोडायच्या मार्गावरून) नव्यावर येतील.’ चुकल्याची खूण: जूनअखेर जुन्या एपीआयवरची वाहतूक निम्म्याहून खाली आली नाही. आता जूनअखेरीला कुणाला वादच घालावा लागत नाही, आकडा बघायचा आणि योजना बदलायची. खूण आधी लिहिली नाही की मागे सरायला कुणी तयार होत नाही, कारण तोवर त्यावर प्रतिष्ठा लागलेली असते.

ओकेआर (उद्दिष्टं आणि त्यांचे मोजता येणारे ‘की रिझल्ट’) वापरणार असाल तर एक चूक टाळा. ही पद्धत अँडी ग्रोव्ह यांच्या काळात इंटेलमध्ये घडली आणि १९९९ मध्ये गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी गूगलमध्ये नेली. तिथून सगळीकडे पसरताना ‘की रिझल्ट’च्या जागी कामांची यादी आली. ‘नवी सर्च सर्व्हिस लाँच करणे’ हे काम झालं. ‘शोधल्यानंतर पहिल्या तीन निकालांत उत्तर मिळण्याचं प्रमाण ४० वरून ६० टक्के’ हा निकाल झाला. कामाची यादी वेगळ्या कागदावर ठेवा, ती बदलायची मोकळीक टीमला असू द्या. एका टीमला तीनपेक्षा जास्त उद्दिष्टं देऊ नका.

योजना पक्की होण्याच्या आदल्या आठवड्यात प्री-मॉर्टेम घ्या. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची पद्धत आहे, तासभर पुरतो. सगळ्यांना सांगायचं की वर्ष संपलं आहे आणि ही योजना पूर्ण फसली आहे, कारणं लिहा. दहा मिनिटं शांतपणे प्रत्येकाने आपापलं लिहायचं, मग एकेक कारण फळ्यावर. ‘काही धोका वाटतो का’ असं विचारलं तर ज्युनियर बोलत नाहीत. ‘फसलीच आहे’ असं धरलं की बोलतात. आणि योजनेच्या कागदावर ‘या वर्षी हे करणार नाही’ असा भाग हवाच, कारणांसकट. तो नसेल तर नाकारलेलं काम दर महिन्याला नव्या नावाने परत येतं.

टाचणवही

मोजमाप आणि एआय.

किती पानं लिहिली आणि किती वाचली गेली हे आकडे वर दाखवू नका. ते वाढवणं फार सोपं आहे. चार आकडे पुरतात: पुन्हा पुन्हा येणारे २० प्रश्न महिन्याला किती वेळा येतात, शून्य निकालाच्या शोधांचं प्रमाण, नव्या इंजिनिअरचा पहिला कोड मर्ज व्हायला (मुख्य कोडात सामील व्हायला) लागणारे दिवस, आणि एकाच कारणाने पुन्हा घडलेल्या घटना. काम सुरू करण्याआधी चारही मोजून तारखेसह नोंदवा. आधीचा आकडा नसेल तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

तास काढायचे तर असे. एक प्रश्न महिन्याला ३० वेळा येतो. उत्तर देणाऱ्याची १५ मिनिटं जातात आणि विचारणाऱ्याची ३०. महिन्याला साडेबावीस तास. विचारणारा दोन तास थांबला तरी दोन तास धरू नका, तो दरम्यान दुसरं काम करतो. फुगवलेला एक आकडा पकडला गेला की फायनान्सवाले बाकीचेही मानत नाहीत.

एआय असिस्टंट आल्याने हे काम वाढलं आहे, कमी झालेलं नाही. कंपनीच्या पानांवरून उत्तर देणारा असिस्टंट आधी पानांमधले संबंधित तुकडे शोधतो आणि मग त्यावरून उत्तर रचतो. जुनं पान आणि नवं पान दोन्ही असतील तर तो दोन्हींचं मिश्रण आत्मविश्वासाने सांगतो. माणूस निदान पानावरची तारीख बघून थबकतो. त्यामुळे सूचिकारांनी लिहिलेली स्थिती आणि तारीख आता अधिकच लागते, आणि जुनी पानं इंडेक्सच्या (असिस्टंट जिथे शोधतो त्या सूचीच्या) बाहेर काढावी लागतात.

लाँच करण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, परवानगी. ज्याला जे पान उघडता येत नाही त्याला त्यातलं उत्तरही मिळता कामा नये. पगाराचं शीट चुकून सगळ्यांना खुलं असेल तर इतके दिवस कुणाला सापडलं नाही म्हणून निभावलं, असिस्टंट ते पहिल्याच दिवशी शोधून देतो. पानांत ग्राहकांची वैयक्तिक माहिती असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, लीगलला आधी विचारा. दोन, पानांचे तुकडे कसे पाडले जातात. पायऱ्यांची यादी मधोमध कापली गेली तर चौथ्या पायरीपर्यंतच उत्तर येतं आणि वाचणाऱ्याला पुढे आणखी आहेत हे कळतही नाही. म्हणून एका पानात एकच काम आणि सात-आठ पायऱ्यांपेक्षा जास्त नको. तीन, चाचणीचा संच. तुमच्या त्या ३०० प्रश्नांमधले १०० घ्या, जाणकाराकडून बरोबर उत्तरं लिहून घ्या आणि दर महिन्याला तपासा. त्यातले १० प्रश्न असे ठेवा ज्यांचं उत्तर कुठेच लिहिलेलं नाही. तिथे असिस्टंटने ‘माहिती नाही’ म्हणायला हवं. तो काहीतरी रचून सांगत असेल तर ऑनकॉलच्या लोकांना तो देऊ नका.

कोथरूडकर

खूप स्पष्ट झालं, टाचणवही. एक शेवटचं विचारतो. ती सहा-सात हजार पानं शेवटी पुसायची की ठेवायची?

सूचिकार

पुसू नका. वर्षभरात ज्यांना कुणी हात लावला नाही आणि ज्यांच्याकडे दुसऱ्या पानातून दुवा येत नाही, अशांची यादी काढा. करार, ऑडिट आणि सुरक्षेची पानं त्यातून वगळा, त्यांच्या मुदती कायद्याने किंवा करारानेच ठरतात. बाकीच्यांवर ‘३० दिवसांनी संग्रहात जाणार’ अशी पट्टी लावा. ज्याला हवं असेल त्याने ओनर म्हणून स्वतःची भूमिका टाकली की पान वाचलं. ३१ व्या दिवशी ते सर्चमधून आणि असिस्टंटच्या इंडेक्समधून बाहेर काढा, पण दुवा चालू ठेवा. कुणी जुन्या ईमेलमधून तिथे पोचलं तर वर लाल पट्टीत ‘संग्रहित, तपासलेलं नाही’ असं दिसू द्या.

हे एका प्रॉडक्टवर आधी करा, तिन्हींवर एकदम नको. आणि महिनाअखेर किंवा रिलीजचा आठवडा टाळा.